फळीवरची तिसरी सीट

१

गाडी आत आली की मावशीच्या हातात चार मिनिटं असत. तेवढ्यात एक चालक उतरायचा, दुसरा बसायचा आणि मधल्या वेळात पहिल्याची सीट काढून दुसऱ्याची बसवायची. मग सहा पट्टे बसणाऱ्याच्या मापाला आणायचे, पोटावरच्या बकलात एकेक अडकवायचे आणि दोनदा ओढून बघायचे. ते बक्कल असं होतं, की पट्टे एकेक करून लागत पण सुटताना सगळे एकदम सुटत. जरा पिळलं की खट् आवाज व्हायचा आणि सहाही गळून पडायचे.

शर्यतीची गाडी ती. हंगाम सुरू व्हायच्या आधी तीन दिवस मोकळ्या ट्रॅकवर तिची चाचणी चालायची. गाडी एक, चालक दोन. त्यामुळे दिवसातून दोनचार वेळा ही बदली व्हायचीच.

सीटसुद्धा मावशीच्याच हातच्या. चालकाला गाडीत रिकाम्या पिशवीवर बसवायचं आणि पिशवीत दोन रसायनं ओतायची. मग आतला फेस फुगत फुगत त्याच्या पाठीला, बरगड्यांना, मांड्यांना येऊन भिडायचा. वीस मिनिटं हलायचं नाही, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा. फेस थंड होऊन कडक झाला की ती सीट जगात त्या एकाच माणसाची. दुसरा कोणी बसला तर पाचव्या फेरीला कंबर धरून बाहेर येईल.

पूर्वी मावशी मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायची. नवरा गेल्यावर इथं आली, त्याला आता अकरा वर्षं झाली. सगळं गॅरेज तिला मावशी म्हणायचं, पण खरी मावशी ती एकीचीच होती. तिच्या ताईची लेक यंदा दुसरी चालक म्हणून आली होती. अंगानं लहानखुरी, तोंडानं अखंड चालू, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. पहिल्या चालकाचं नाव लंबू. त्याचं कारण तो दारातून वाकून आत येताना कोणालाही कळायचं.

मावशीनं पट्ट्यांच्या शेपटांवर, जिथं ताण येत नाही तिथं, मापाचे टाके घातले होते. लंबूचा लाल दोरा, चिमणीचा पांढरा.

बदलीची आणखी एक रीत होती. ती कुठे लिहिलेली नव्हती, पण मोडत कोणी नसे. उतरलेल्या चालकानं बसलेल्याच्या हेल्मेटवर दोनदा टकटक करायची, वाकायचं आणि गाडीबद्दल किंवा ट्रॅकबद्दल एकच गोष्ट सांगायची. दोन सांगितल्या तर बसणाऱ्याच्या डोक्यात एकही राहत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं होतं.

आणि मावशीचा स्वतःचा एक नेम होता. गाडी ट्रॅकवर असेपर्यंत ती बसायची नाही आणि बोलायची नाही. चाक गॅरेजच्या उंबऱ्यातून बाहेर पडलं की तोंड बंद, ते गाडी परत येईपर्यंत. अकरा वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता आणि तिनं पट्टे बांधलेला एकही माणूस परत आला नाही असं झालं नव्हतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं ती कोणाला सांगायला गेली नाही. देवाला ठाऊक होतं, तेवढं पुरे होतं.

"मावशींना गप्प करायचं असेल तर गाडी बाहेर काढा," म्हातारे मिस्त्री म्हणायचे.

"आणि तुम्हाला गप्प करायचं असेल तर?" मावशी विचारायची.

"त्याला अजून गाडी निघाली नाही."

२

पहिल्या दिवशी सकाळीच तेलाची गळती निघाली. ती बंद करण्यात दुपार झाली. मग लंबूनं नऊ फेऱ्या मारल्या आणि साहेबांनी बदलीची खूण केली.

साहेब म्हणजे या सगळ्या पसाऱ्याचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण शब्द मोजून बोलायचा. त्यांनी चिमणीला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सलग वीस फेऱ्या. वेळ मी सांगेन त्याच्या आत. जमलं तर हंगामाची दुसरी जागा तुझी. नाही जमलं तर मला दुसऱ्या कोणाला तरी बोलवावं लागेल."

लंबू उतरला. मावशीनं त्याची सीट उपसली आणि मागच्या भिंतीवरच्या फळीवर ठेवली. उठून गेलेल्या माणसाच्या अंगाची ऊब त्या फेसात बराच वेळ राहते. हाताला ते सवयीचं होतं, पहाटे अंथरूण काढताना लागते तशी ऊब. चिमणीची सीट उचलायला तिनं शेजारी हात घातला आणि घाईत तो तिसऱ्या सीटवर पडला.

ती सीटही ऊबदार होती.

मग तिनं चिमणीची सीट चाचपली. ती थंडगार होती, तिच्यात आज अजून कोणी बसलंच नव्हतं. पुन्हा तिसऱ्या सीटवर तळवा ठेवला. पाठीच्या खोलगटात ऊब होती, मांड्यांच्या दोन खाचांत होती. कडांना मात्र नव्हती. जिथं माणूस टेकतो, नेमकी तिथंच.

"मावशी, तीन मिनिटं!" मिस्त्री ओरडले.

तिनं चिमणीची सीट घेतली. बसवली, पांढऱ्या दोऱ्यापर्यंत पट्टे ओढले, बक्कल लावलं. लंबूनं चिमणीच्या हेल्मेटवर टकटक केली आणि सांगितलं, "दुसऱ्या वळणाला मागचं उजवं चाक उचलतंय." चिमणीनं अंगठा दाखवला. मिस्त्रींनी मागून स्टार्टर लावला.

इंजिन घुर्रर्र करून गप्प झालं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अर्धा तास सगळे त्या गाडीवर वाकून होते आणि चिमणी आत हेल्मेट घालून बसलेली. मग ट्रॅक बंद झाल्याचा भोंगा वाजला.

जाताना मावशीनं फळीकडे नीट बघितलं. वर हीटरचा पाइप होता. फळीच्या त्या टोकावर गरम हवा येत असणार, दुसरं काय? तिनं तिसरी सीट उचलून पाइपापासून लांब, दाराच्या थंड बाजूला ठेवली आणि मनातली पाल हुसकून लावली.

३

तिसरी सीट पाहुण्याची होती.

गेल्या वर्षी राखीव चालक म्हणून तो तीन दिवसांसाठी आला होता. हातात एक बॅग, अंगावर इस्त्रीचा सूट, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला वाकावं लागायचं. कोणाला पाणी मागायचं तरी अवघडायचा. म्हणून त्याला पाहुणा नाव पडलं. त्याच्या हातमोज्याचा अंगठा उसवला होता. तो मावशीनं निळ्या दोऱ्यानं शिवून दिला, कारण पट्ट्यावर त्याच्या मापाचे टाकेही तिनं निळेच घातले होते. ते बघून तो लहान मुलासारखा हसला होता.

त्या वर्षीही गाडीनं छळलं. एकदा गियर अडकला, एकदा पंप गेला. प्रत्येक वेळी पाहुणा हेल्मेट घालून खुर्चीवर तयार आणि प्रत्येक वेळी कोणीतरी येऊन सांगायचं, "पुढचा नंबर तुझाच." तिसऱ्या दिवशी शेवटी त्याला गाडीत बसवलं. मावशीनं पट्टे बांधले. इंजिन चालूच झालं नाही. तो आत तसाच वीस मिनिटं बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू हलला तर नंबर जाईल. मग भोंगा वाजला.

बक्कल मावशीनंच उघडलं होतं.

हंगाम संपला की जुन्या सीट करवतीनं कापून टाकायची पद्धत होती. पाहुणा बॅग घेऊन निघाला तेव्हा फळीकडे बघत म्हणाला, "मावशी, ही पण कापाल ना?"

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "तुझा नंबर लागल्याशिवाय मी ही कापणार नाही. शब्द देते."

थंडीत त्याच्या घरून चार ओळींचं पत्र आलं. साध्या तापाचं निमित्त झालं होतं. सीट पाठवू नका, आता उपयोग नाही, असं त्याच्या आईनं लिहिलं होतं. मावशीनं पट्ट्यावरचा निळा दोरा उसवला. सीट मात्र तिच्यानं कापवली नाही. दिलेला शब्द माणूस गेल्यानं सुटतो का, हे तिला कोणाला विचारायचं सुचलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅरेजमध्ये सगळ्यांच्या आधी आली आणि थेट दाराशी गेली. सीट थंड होती. तिला हसू आलं. वय झालं की माणूस पाइपालाही भुतं चिकटवतो.

लंबू बाहेर पडला. मावशी नेमाप्रमाणे उंबऱ्याशी उभी राहिली. सहाव्या फेरीला गाडी आलीच नाही. हेडफोनवाले इंजिनिअर म्हणाले, "पलीकडच्या टोकाला बंद पडलीय. चालक ठीक आहे. उतरून कठड्यामागे उभा आहे."

पाऊण तासानं ट्रकवरून ताडपत्रीखाली गाडी आली. लंबू पुढे ड्रायव्हरशेजारी गुडघे छातीशी घेऊन बसला होता. मिस्त्रींनी ताडपत्री ओढली आणि मावशीचं तोंड नेम सुटल्या सुटल्या उघडलं ते उघडंच राहिलं.

रिकाम्या सीटवर सहाही पट्टे बांधलेले होते. बक्कल लागलेलं होतं. सैल नव्हतं, आत कोणीतरी घट्ट आवळून बसावं तसं.

"हे कोणी लावलं?" तिनं विचारलं.

"मी तर उघडे टाकले होते," लंबू म्हणाला. "घाईत उडी मारली हो. पट्टे लावत बसतोय कशाला?"

"सवयीनं लावले असशील," इंजिनिअर म्हणाले.

"कमाल करता! बाहेर उभं राहून पोटावरचं बक्कल सवयीनं लागतं?"

"मग ट्रकवाल्यानं लावले असतील, लोंबकळू नयेत म्हणून," मिस्त्री म्हणाले आणि तो विषय तिथंच संपला. ट्रकवाला तोवर निघूनही गेला होता.

पटण्यासारखं होतं. मावशीनं स्वतःला ते दोनदा सांगितलं. मग सोडण्याआधी तिनं पट्ट्याचं शेपूट बोटांवर घेतलं. माप लाल दोऱ्यावर नव्हतं, पांढऱ्यावरही नव्हतं. दोन्हींच्या मधे जिथं पट्टा थांबला होता तिथं सुईची बारीक भोकं होती. उसवलेल्या टाक्यांची. आत निळ्या दोऱ्याचा एक तंतू अजून अडकून होता.

तिनं बक्कल पिळलं. खट्. पट्टे गळले. सीटच्या आत हात घालायचं तिचं धाडस झालं नाही.

दोष सापडला तो सीटखाली. तिथून जाणारी एक वायर घासून उघडी पडली होती. ती गुंडाळली, सीट बसवली, चिमणी बसली. लंबूनं टकटक करून तिला गोष्ट सांगितली. स्टार्टर लावला. घुर्रर्र, आणि गप्प.

लंबू बसला की चालू, चिमणी बसली की बंद. संध्याकाळपर्यंत हा खेळ दोनदा झाला. गॅरेजमध्ये कोणी हसेना.

ट्रॅक बंद झाल्यावर चिमणी टायरच्या चळतीवर बसून बुटाची नाडी उगाचच सोडत आणि बांधत होती.

"आईचा फोन आला होता," ती म्हणाली. "विचारत होती, किती फेऱ्या झाल्या. मी म्हटलं, अजून जागा गरम करतेय."

"असं बोलू नकोस."

"का गं? खोटं थोडंच आहे? दोन दिवस नुसती बसतेय मी त्या गाडीत." मग आवाज एकदम बारीक झाला. "मावशी, एक विचारू? हसणार नाहीस ना? तू पट्टे बांधतेस ना, तेव्हा ते बरोबर असतात. मग इंजिन लागत नाही आणि मी वाट बघत बसते, तेव्हा ते हळूहळू घट्ट होतात. म्हणजे... माझ्या मागून कोणीतरी श्वास घेतंय तसे."

मावशीनं तिचा हात हातात घेतला. "तुझाच श्वास असेल गं. दमतेस तू."

"असेल," चिमणी म्हणाली. "पण माझा श्वास सुटतो तेव्हा ते आवळतात."

५

त्या रात्री मावशीनं देवापुढे हात जोडले, पण चिमणीसाठी मागताना तोंडात दुसऱ्याच मुलाचा विषय येऊ लागला. ती भ्यायली होती, नाही कशाला म्हणा? पण भीतीच्या तळाशी तिला त्या मुलाचे स्टिअरिंगवरचे दोन हात दिसत होते. ज्याला तहान लागली तरी पाणी मागता आलं नाही, तो आता नंबर तरी कोणत्या तोंडानं मागणार?

तिसऱ्या दिवशी सकाळ लंबूची. त्यानं न थांबता तीस फेऱ्या मारल्या, गाडी लोण्यासारखी चालली. दुपारी बदली झाली. लंबूनं चिमणीच्या हेल्मेटवर टकटक केली, "ब्रेक थंड आहेत, पहिली फेरी जपून," असं सांगितलं आणि मान आखडली म्हणून डॉक्टरांच्या खोलीकडे गेला.

स्टार्टर लावला. घुर्रर्र. गप्प.

साहेबांनी घड्याळ बघितलं. ट्रॅक बंद व्हायला दीड तास होता. वीस फेऱ्यांना पाऊण तास लागणार.

"उतर," ते चिमणीला म्हणाले, फार हळू. "सीट काढा. ती वायर पुन्हा बघा. अर्ध्या तासात झालं तर झालं."

चिमणी उतरून खुर्चीवर बसली, हेल्मेट न काढता. पाहुणा बसायचा त्याच खुर्चीवर, त्याच तऱ्हेनं. मावशीनं ते पाहिलं आणि तिचा निश्चय झाला.

मिस्त्रींनी वायर नवी घातली. गाडी ठोकळ्यांवर चढवली होती, चाकं अधांतरी. आता इंजिन चालू करून, मागची चाकं हवेत फिरवून सगळं गरम करायचं होतं. त्या वेळी गाडीत कोणी बसत नाही.

"मिस्त्री," मावशी म्हणाली, "चालू करायच्या आधी मला सीट बसवू द्या."

"बसवा की. तसंही वायर सीटखाली दबतेय का ते बघायचंच आहे."

मावशी फळीकडे गेली नाही. दाराशी गेली. सीट उचलली. ती ऊबदार होती. दाराच्या फटीतून वारा येत होता, तरीही.

मिस्त्रींनी सीट ओळखली. त्यांचे हात थांबले. मावशीनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मावशीकडे. मग त्यांनी गाडीच्या दुसऱ्या बाजूनं सीट खाली घ्यायला मदत केली.

मावशीनं पट्टे ओढले, सुईच्या भोकांपर्यंत. बक्कल लावलं. दोनदा ओढून बघितलं. रिकाम्या सीटवर बांधलेले पट्टे खरं तर खाली लोंबायला हवेत. हे लोंबले नाहीत.

"लावा," ती म्हणाली.

इंजिन पहिल्या झटक्यात धडधडलं.

इंजिनिअर आनंदानं काहीतरी ओरडले. मागची चाकं हवेत गरगरू लागली. मावशी गाडीच्या नाकासमोर उभी होती. अकरा वर्षं त्या ट्रॅकची वळणं ऐकून तिला पाठ झाली होती. पहिलं डावं, लांबलचक. मग एक सरळ पट्टा, मग लागोपाठ दोन उजवी. तिच्या डोळ्यांदेखत स्टिअरिंग डावीकडे वळलं आणि बराच वेळ वळलेलं राहिलं. सरळ झालं. मग उजवीकडे वळलं. थोडं थांबून पुन्हा उजवीकडे.

"पंपाचा दाब येतोय," मिस्त्री तिच्या कानाशी म्हणाले. "त्यानं हलतं कधी कधी." पण त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

मावशी मोजत राहिली. सव्वादोन मिनिटांत सगळी चौदा वळणं झाली. स्टिअरिंग मधोमध येऊन थांबलं.

"बस," ती म्हणाली. "आता बदली."

६

इंजिन बंद केलं. गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. पाहुण्याची सीट काढताना मावशीला ती जड वाटली. तिनं ती भिंतीशी टेकवली. चिमणीची सीट बसवली आणि चिमणी आत सरकली. आजूबाजूला हेल्मेटला धरून ठेवणाऱ्या जाड गाद्या असल्यानं तिला समोरचं सोडून काही दिसत नसे.

मावशी कमरेपर्यंत आत वाकली. पांढरा दोरा. खांद्याचे दोन, कमरेचे दोन, मांड्यांचे दोन. बक्कल लावताना तिचं डोकं चिमणीच्या छातीपाशी होतं.

वर हेल्मेटवर टकटक झाली. दोनदा.

लंबू आला वाटतं, असं मनात येऊन तिनं डोळे किंचित उचलले. हेल्मेटच्या कडेवर हातमोजा घातलेला एक हात टेकला होता. हळुवार, अवघडल्यासारखा. त्याच्या अंगठ्यावर निळ्या दोऱ्याचे टाके होते, तिच्या हातचे, शेवटचा टाका जरा तिरका गेलेला.

वर कोणीतरी फार हळू बोलत होतं. ऐकायला वाकावं लागेल इतकं हळू.

मावशीनं मान आणखी वर केली नाही. तिनं पट्टे दोनदा ओढून बघितले. चिमणीनं अंगठा दाखवला, तिला नव्हे, दुसऱ्या बाजूला.

मावशी सरळ झाली तेव्हा गाडीच्या त्या बाजूला कोणी नव्हतं. इंजिन लागलं. पहिल्या झटक्यात. आणि तिला तोंड उघडायला वेळ मिळायच्या आत चाक उंबऱ्यातून बाहेर पडलं.

७

आता बोलायचं नव्हतं.

तो पाऊण तास मावशी जन्मभर विसरली नाही. एका शब्दाचं काम होतं. साहेब दोन पावलांवर उभे होते. थांबवा म्हटलं असतं तर त्यांनी थांबवली असती, का असं विचारलंही नसतं. आणि ताईच्या लेकीची जागा गेली असती, पण लेक आली असती. बोलली नाही तर? त्या मुलानं काय सांगितलं तिला? तो उतरला का गाडीतून? की बदली झालीच नाही आणि दोघं एकाच सीटमध्ये आहेत?

पाच फेऱ्या. आठ. साहेब वेळ मोठ्यानं वाचत होते आणि प्रत्येक वेळी आवाज जरा जास्त आनंदी होत होता. मावशीनं दाराची चौकट धरली.

लंबू मान चोळत येऊन शेजारी उभा राहिला. "पोरगी काय पळवतेय!" तो म्हणाला. मावशीनं त्याच्या हातांकडे बघितलं. ते उघडे होते. हातमोजे कमरपट्ट्यात खोचलेले, लालभडक.

बाराव्या फेरीला ओठ आपोआप उघडले. तेवढ्यात तिला तो निळा अंगठा आठवला, हेल्मेटवर कसा टेकला होता तो. आवळणारा हात नव्हता तो. एका चालकानं दुसऱ्याला गाडी सोपवताना टेकवावा, तसा होता. अकरा वर्षं तिनं बदल्याच पाहिल्या होत्या. एवढं तरी तिला कळायलाच हवं. तिनं ओठ मिटले.

पंधराव्या फेरीला हेडफोनमध्ये गडबड झाली. सातव्या वळणावर दुसऱ्या संघाची गाडी घसरून वाळूत गेली होती. मावशीचे डोळे मिटले गेले. "आपली नाही," इंजिनिअर म्हणाले. "आपली तिथून लांबून गेली. छान गेली. चालू ठेव, चालू ठेव."

विसावी फेरी. एकविसावी हौसेची.

गाडी आत आली. खट्. पट्टे गळले आणि चिमणी हेल्मेट काढून मावशीच्या गळ्यातच पडली. साहेब हसत होते. त्यांना हसताना बघून मिस्त्री म्हणाले, "हेही गरम झाले वाटतं." साहेबांनी चिमणीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे आहेत. झोप काढून घे." झालं. जागा तिची झाली.

"लंबूदादा!" चिमणी ओरडली. "दुसऱ्यांदा येऊन सांगितलंस ते किती बरं झालं रे! नाहीतर मी पण त्या वाळूतच असते."

"मी काय सांगितलं?"

"सातव्या वळणाचं. आतल्या कडेच्या पट्टीखालून पाणी झिरपतंय, हातभर बाहेरून काढ म्हणालास ना?"

"मी डॉक्टरांकडे पालथा पडलो होतो," लंबू म्हणाला. "आणि सकाळी तर तिथं कोरडं ठणठणीत होतं. पाण्याचं तर आत्ता तिथून गेलेल्यालाच कळणार."

चिमणीनं मावशीकडे पाहिलं. मिस्त्री एकदम कामात गढले.

"फोन कर आधी आईला," मावशी म्हणाली. "ताटकळली असेल."

सगळे बाहेर गेल्यावर मावशी एकटीच मागे राहिली. गाडी दाराशी उभी होती. पट्टे दोन्ही बाजूंना उघडे पडले होते, ते ती स्वतः बघून आली होती. तिनं पाहुण्याची सीट कामाच्या टेबलावर घेतली. थंड होती. पाठीच्या खोलगटात बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. टायरच्या रबराचे काळे दाणे, ट्रॅकवरून येणाऱ्यांच्या सीटमध्ये अडकलेले असतात तसे. ती सीट या गॅरेजबाहेर कधी गेलीच नव्हती.

मावशीनं करवत घेतली. मग ती खाली ठेवली. सीटच्या खांद्याशी तिनं बोटांनी दोनदा टकटक केली, वाकली आणि एकच गोष्ट सांगितली.

"उतर आता, बाळा. झाला तुझा नंबर."

तिच्या पाठीमागे, रिकाम्या गाडीत, खट् असा आवाज झाला. सहाही पट्टे एकदम गळून पडले.

मावशीनं मागे वळून बघितलं नाही. डोळे पुसले आणि करवत लावली.